ठोका मोजायला किती रुपये लागतात?

मृगाचा पाऊस लागला की भाट्याच्या वाळूवरचं सकाळचं चालणं बंद होतं. मांडवीच्या जेटीवर वारा उभं राहू देत नाही, मारुती मंदिरजवळच्या स्टेडियमवर चिखल होतो, आणि डॉक्टरांनी ‘रोज चाला’ म्हणून बजावलेली मंडळी खिडकीत बसून पाऊस बघत राहतात. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणून दर पावसाळ्यात घराघरांत एक प्रश्न निघतो: टीव्हीसमोर नाचवणारे, ठोसे मारायला लावणारे, जागच्या जागी पळवणारे ते व्यायामाचे व्हिडिओ गेम घ्यावेत का, आणि घ्यायचे तर किती पैसे जातील?

उत्तर फुकटापासून लाखापर्यंत कुठेही जातं. माझं मत आधीच सांगतो. जेवढे पैसे काढून ठेवले असतील त्यातला पहिला हिस्सा हृदयाचे ठोके मोजणाऱ्या साधनावर घाला, गेमचं नंतर बघा. आपण व्यायाम करतोय की नुसती करमणूक, हे गेम सांगत नाही. तो प्रत्येक फेरीनंतर टाळ्या वाजवतो आणि कॅलरींचा आकडा दाखवतो. तो आकडा म्हणजे वय, वजन आणि कंट्रोलरची हालचाल यांवरून काढलेला अंदाज. सोफ्यावर बसून नुसतं मनगट हलवणाऱ्यालाही बऱ्याच गेममध्ये शाबासकी मिळते. घामावरही जाऊ नका. रत्नागिरीत घाम हा पुरावाच होत नाही. मे महिन्यात पंखा बंद करून वर्तमानपत्र वाचलं तरी तो येतो. ठोका मात्र खोटं बोलत नाही, तो नीट मोजला तर.

आकडा कोणता गाठायचा

२२० मधून वय वजा केलं की हृदयाच्या कमाल ठोक्यांचा अंदाज मिळतो, हा हिशेब १९७० च्या दशकापासून चालत आला आहे. २००१ मध्ये तनाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरा मांडला: वयाला ०.७ ने गुणा आणि ती संख्या २०८ मधून वजा करा. पंचेचाळिशीत दोन्ही हिशेब १७५-१७६ च्या आसपास येतात. साठीत फरक पडतो, जुन्याने १६० आणि नव्याने १६६. दोन्ही सरासरीचे आहेत, एखाद्याच्या बाबतीत दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज होतात.

या कमाल आकड्याच्या ६४ ते ७६ टक्क्यांत ठोके राहिले तर तो मध्यम व्यायाम, आणि ७७ ते ९३ टक्क्यांत गेले तर जोरकस. म्हणजे पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला मध्यम व्यायामासाठी मिनिटाला ११२ ते १३३ ठोके हवेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम सुचवला आहे. तुमचा अर्ध्या तासाचा नाच ९५ ठोक्यांवरच रेंगाळत असेल तर त्या दीडशे मिनिटांत तो धरता येत नाही, मग गेमने कितीही टाळ्या वाजवू देत. अशा वेळी गेममधली काठिण्यपातळी वाढवायची, आणि आकडा १४५ वर जाऊन धाप लागत असेल तर उतरवायची. ठोके मोजण्याचा खरा उपयोग हा एवढाच आहे आणि तो पुरेसा आहे.

इथे एक मोठी अडचण आहे. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल अशा बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर ठोके मुळातच दाबलेले असतात. वरचा कुठलाही हिशेब तुम्हाला लागू नाही. ११२ गाठण्यासाठी जीव काढू नका. त्यापेक्षा बोलण्याची कसोटी बरी: व्यायाम करताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत जोर मध्यम समजावा. मधुमेह जुना असेल, छातीत दुखल्याचा इतिहास असेल, किंवा चाळिशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच व्यायामाला उतरत असाल, तर पहिला खर्च गेमचा नाही, तपासणीचा आहे. खासगीत ईसीजी काही शे रुपयांत होतो आणि टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून घेतलेला ईसीजी, साधारण दीड-दोन हजारांत. टीएमटी कुणाला हवी हे डॉक्टरांनी ठरवायचं. ती झाली तर तुमचा खरा कमाल आकडा किती धरायचा, हेही तिथेच विचारून घ्या. सूत्रापेक्षा तो कितीतरी भरवशाचा.

शून्य रुपयांत

अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटं ठेवायची, पंधरा सेकंद मोजायचं, चारने गुणायचं. थांबल्या थांबल्या मोजायला हवं, कारण ठोके झपाट्याने उतरतात आणि मिनिटभर दम खाऊन मोजलेला आकडा व्यायामाचा राहत नाही. ते उतरणंही मोजण्यासारखं असतं. १९९९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ट्रेडमिल चाचणी संपल्यावर पहिल्या मिनिटात ज्यांचे ठोके बारा किंवा त्याहून कमीच उतरले त्यांना पुढच्या काही वर्षांत मृत्यूचा धोका जास्त दिसला होता. घरच्या मोजणीवरून घाबरून जाण्याचं कारण नाही, पण आकडा सतत असाच येत असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या कानावर घाला.

फोनच्या मागच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून ठोके मोजणारी ॲप फुकट मिळतात. बसल्या जागी ठीक चालतात, हलताना त्यांचा काही उपयोग नाही. यूट्यूबवरचे व्यायामाचे व्हिडिओ, बोटांनी मोजलेला ठोका आणि वहीचं एक पान, एवढ्यावर पहिले दोन आठवडे काढा. ज्याला हे दोन आठवडे जमले नाहीत त्याला चाळीस हजारांचं यंत्र व्यायाम करायला लावेल, यावर माझा विश्वास नाही.

घड्याळ, दंडपट्टा की छातीचा पट्टा

दीड ते चार हजारांत मिळणारं स्मार्ट घड्याळ किंवा बँड मनगटात हिरवा प्रकाश सोडतो आणि रक्ताच्या लाटेबरोबर परत येणाऱ्या प्रकाशात होणारा फरक मोजतो. चालताना हे नीट चालतं. पण गेममध्ये मनगटच सगळ्यात जास्त हलतं. ठोसे मारताना, रिंग दाबताना, हँडल घट्ट धरताना घड्याळ सरकतं, प्रकाश गळतो, आणि कधीकधी ते ठोक्यांऐवजी तुमच्या पावलांची लयच मोजून दाखवतं. बॉक्सिंगच्या गेममध्ये मनगटावरच्या आकड्यावर मी विसंबणार नाही. घड्याळ असेलच तर मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधा.

छातीचा पट्टा हृदयाची वीज थेट पकडतो. ही तऱ्हा जुनी आहे. फिनलंडच्या पोलर कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बिनतारी मापक बाजारात आणला होता. आज कूस्पो, मॅजीन यांसारख्या कंपन्यांचे पट्टे साधारण अडीच ते साडेतीन हजारांत मिळतात, पोलर एच१० दहा हजारांच्या घरात जातो. गेमसाठी स्वस्तातला पुरतो. एच१० चे जास्तीचे पैसे खेळाडूने द्यावेत, गुडघे सांभाळून नाचणाऱ्याने नाही. छातीवर पट्टा बांधणं ज्यांना अडचणीचं वाटतं, आणि बऱ्याच बायकांना ते वाटतं, त्यांनी कोपराखाली बांधायचा प्रकाशाचा दंडपट्टा बघावा. किंमत तीन-चार हजारांपासून सुरू. तिथला स्नायू मनगटाइतका वळत नसल्याने आकडा बराच स्थिर राहतो.

घेताना वेष्टनावर ‘ब्लूटूथ’ आणि ‘अँट प्लस’ दोन्ही लिहिलेलं आहे ना, ते बघा. घड्याळ घेणार असाल तर दुकानदाराला नेमकं विचारा, ‘यात हार्ट रेट ब्रॉडकास्ट आहे का?’ ही सोय असलेलं घड्याळ आपला आकडा दुसऱ्या ॲपला किंवा गेमला पाठवू शकतं. नसलेलं आकडा स्वतःजवळच ठेवतं. गार्मिनच्या अनेक घड्याळांत ती आहे, स्वस्त बँडपैकी पुष्कळांत नाही. ॲपल वॉचला त्यासाठी वेगळं ॲप लागतं.

गेम आणि त्याचं खरं बिल

लोक सर्वात जास्त ज्याचं नाव घेतात तो निंटेंडोच्या स्विच या यंत्रावरचा रिंग फिट ॲडव्हेंचर, २०१९ चा. एक लवचिक रिंग हातात, एक पट्टा मांडीला, आणि राक्षसाशी लढाई स्क्वॉट मारून. यातली ठोके मोजण्याची सोय मजेशीर आहे: उजव्या जॉय-कॉनच्या, म्हणजे स्विचच्या सुट्या होणाऱ्या कंट्रोलरच्या, बुडाशी इन्फ्रारेड कॅमेरा असतो, व्यायाम संपल्यावर त्यावर अंगठा टेकवायचा. म्हणजे खेळ चालू असताना आकडा दिसत नाही, नंतर दिसतो. तेव्हा जोर कमी पडला हे कळतं तेव्हा फेरी उलटून गेलेली असते. शिवाय स्विच हे यंत्र छातीचा पट्टा वाचत नाही. यावर तोडगा साधा आहे: पट्टा फोनच्या फुकट ॲपला जोडायचा आणि फोन टीव्हीखाली उभा करून ठेवायचा. वरती राक्षस, खाली ठोके. दिसायला ओबडधोबड, पण चालतं उत्तम.

निंटेंडो आपल्याकडे अधिकृतपणे विकलं जात नाही. मुंबई-पुण्याचे आयातदार किंवा ऑनलाइन विक्रेते जे देतात त्यावर वॉरंटी असली तर त्या दुकानाचीच. स्विच साधारण पंचवीस ते बत्तीस हजार, रिंग फिट आणखी सहा-आठ हजार. इथे दोन खड्डे आहेत. स्विच लाइट स्वस्त दिसतं, पण त्याचे जॉय-कॉन सुटे होत नाहीत, त्यामुळे रिंगमध्ये बसवणार काय? आणि नवं स्विच २ घेतलंत तर त्याच्या जॉय-कॉनमध्ये तो इन्फ्रारेड कॅमेराच नाही. रिंग फिटसाठी जुने जॉय-कॉन वेगळे घ्यावे लागतात. रत्नागिरीत अनेक घरांतलं कुणीतरी दुबई-कतारला असतं आणि ‘भाऊ येताना आणेल’ हा सोपा रस्ता वाटतो. स्वस्त पडतोही. फक्त विमानतळावरची सीमाशुल्काची मर्यादा निघण्याआधी बघायला सांगा, आणि बिघडलं तर यंत्र परत दुबईलाच पाठवावं लागेल हे धरून चाला.

डोक्यावर चढवायचा मेटा क्वेस्ट हा व्हीआर चष्मा खरा घाम काढतो. त्यातल्या बॉक्सिंगच्या गेममध्ये ठोके बघताबघता जोरकस पट्ट्यात जातात. क्वेस्ट ३एस अमेरिकेत २९९ डॉलरला आला. आपल्याकडे आयात होऊन तीस-चाळीस हजारांच्या घरात पडतो. त्यात फोन दिसत नाही, म्हणून घड्याळाने थरथरून किंवा ॲपने बोलून सूचना द्यायला हवी. पट्ट्याचा आकडा थेट वाचणारे गेम मोजकेच आहेत, तेव्हा गेमचं नाव घेऊन आधी खात्री करा. जागा दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी लागते. नाचणे रोडवरच्या वन-बीएचकेत सोफा उचलल्याशिवाय ती निघत नाही, आणि वर फिरणाऱ्या पंख्याला हात लागण्याची भीती खरी आहे.

सायकलवाल्यांचं प्रकरण वेगळं आणि, माझ्या मते, सर्वात नीट बसणारं. इथे पडद्यावर ठोके पेडल मारतानाच दिसतात, पट्टा थेट जोडला जातो. झ्विफ्ट या सायकलिंगच्या ॲपची वर्गणी महिना १९.९९ डॉलर, म्हणजे सतराशे-अठराशे रुपये, वर कार्डाचा परकीय चलनाचा अधिभार. मायवूश मात्र फुकट आहे, आणि ते काही किरकोळ ॲप नव्हे. जागतिक सायकलिंग संघटनेच्या ई-स्पोर्ट्स विश्वविजेतेपदाची २०२४ ची अंतिम फेरी त्यावरच झाली. पैसे जातात ते ट्रेनरवर, म्हणजे सायकल घरात जागच्या जागी चालवता यावी म्हणून ती ज्यावर बसवतात त्या यंत्रावर. स्मार्ट ट्रेनर पस्तीस हजारांपासून पुढे. सायकल तुमची, इंटरनेट तुमचं. चार महिनेच वापरणार असाल तर झ्विफ्ट जूनमध्ये सुरू करून ऑक्टोबरात बंद करा, नाहीतर मायवूशच घ्या. कार्डाला दिलेली आपोआप वजावटीची परवानगी बँकेच्या ॲपमधून रद्द करता येते. रक्कम कापण्याच्या आदल्या दिवशी बँकेचा संदेश येतो, तो वाचत चला.

आणि हे सगळं घेताना दोन जुन्या गोष्टी लक्षात असू द्याव्यात. निंटेंडोने २००९ मध्ये बोटाला लावायचा ‘व्हायटॅलिटी सेन्सर’ गाजावाजा करून जाहीर केला आणि तो कधीच विकला नाही. शंभरातल्या नव्वद जणांवरच तो चालत होता, असं २०१३ मध्ये अध्यक्ष इवाता यांनी सांगितलं. मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स फिटनेस त्याच वर्षी आलं. त्यातला किनेक्ट कॅमेरा चेहऱ्याच्या रंगातल्या बारीक बदलावरून, अंगाला काहीही न लावता, ठोके मोजत असे. सुंदर कल्पना. २०१७ मध्ये ते बंद झालं, आणि ज्यांनी त्यातले व्यायाम पैसे देऊन घेतले होते त्यांचेही ते गेले. कॅमेऱ्याचं उत्पादनही त्याच वर्षी थांबलं. पट्टा आधी घ्या असं मी म्हणतो ते यासाठी. सर्वांना चालणाऱ्या ब्लूटूथचा पट्टा आज स्विचशेजारच्या फोनला, उद्या मायवूशला, परवा आणखी कशाला जोडता येतो. गेमच्या पोटात बसवलेलं मापक गेमबरोबर मरतं.

तेव्हा चाळीस हजारांच्या आत काम भागवायचं असेल तर माझा कल असा: तीन हजारांचा पट्टा, वर एक टेबलफॅन, आणि यूट्यूब. पावसाळा यावर निघाला आणि कंटाळा आला, तर पुढच्या वर्षी स्विच. निर्णयाआधी तुमच्या जिमची वर्षाची फी कागदावर शेजारी लिहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुना आकडा धरू नका.

कोकणच्या हवेचा खर्च

टेबलफॅन उगाच लिहिला नाही. दमट उकाड्यात तेवढ्याच व्यायामाला ठोके जास्त पडतात, आणि वेळ जाईल तसे ते आपोआप चढत जातात, कारण रक्त स्नायूंबरोबर कातडीकडेही वळवून शरीर थंड ठेवायचं असतं. ऑक्टोबरच्या उन्हाच्या तडाख्यात आकडा वाढला म्हणजे व्यायाम वाढला, असं नाही. समोर दोन हजारांचा पंखा आणि हाताशी पाणी असेल तर आकडे महिन्या-महिन्यांची तुलना करण्याजोगे राहतात. वहीत तारीख, गेमची पातळी आणि ठोके लिहा. त्याच पातळीला जुलैत १३० आणि सप्टेंबरात १२० आले, तर तब्येत सुधारते आहे. गेममधले गुण याच्या पासंगालाही पुरत नाहीत.

पट्ट्याला पावसाळ्यात बुरशी लागते. वापर झाला की मापकाचं बटण पट्ट्यापासून सुटं करायचं, पट्टा साध्या पाण्याने खळबळून पंख्याखाली वाळवायचा. बटण लागलेलंच राहिलं तर ओल्या पट्ट्यावर ते जागं राहतं आणि नाण्याएवढा सेल महिन्यात संपतो. सेल पन्नास रुपयांच्या आतबाहेर मिळतो. नुसता कापडी पट्टा वर्ष-दीड वर्षात सैल पडतो. तो वेगळा मिळतो का, हे घेतानाच विचारा.

सायकलचा ट्रेनर पडवीत ठेवायचा मोह होतो, हवा छान लागते म्हणून. खारी हवा आणि पावसाची झड यांनी दोन वर्षांत त्याचे नटबोल्ट गंज धरतात. आत घ्या. पावसाळ्यात लाद्यांना घाम फुटतो, त्यावर मोजे घालून उड्या मारणं म्हणजे हाड मोडून घेणं. हजारभराची जाड रबरी चटई घ्याच. चटईने खालच्या मजल्यावरच्या काकूंचाही प्रश्न अर्धा सुटतो, उरलेला रिंग फिटमधल्या आवाज न करणाऱ्या पर्यायाने, ज्यात धावण्याऐवजी गुडघे वाकवून पुढे सरकता येतं. वीज येते-जाते, म्हणून टीव्ही आणि गेमसाठी पाचशे रुपयांचा स्पाइक गार्ड बसवा.

जुनं घेताना, आणि बिलाबद्दल

दिवाळीनंतर वापरलेली यंत्रं विकायला निघतात, कारण पावसाळ्याचा उत्साह ओसरलेला असतो. जुनं स्विच चांगल्या भावात मिळतं. घेण्यापूर्वी विक्रेत्यासमोरच रिंग फिट चालू करून अंगठ्याने ठोके मोजून बघा. कॅमेरा मेला असेल तर तिथेच कळेल. जॉय-कॉनची काडी न हलवता पडद्यावरचा बाण सरकतोय का, तेही बघा, तो त्या यंत्राचा जगजाहीर दोष आहे. छातीचा पट्टा मात्र जुना घेऊ नका. दुसऱ्याच्या घामाने गंजलेल्या बटणावर वाचवलेले हजार रुपये महाग पडतात.

ऑनलाइन किंवा आयातदाराकडून घेताना पक्कं बिल मागा, त्यावर यंत्राचा क्रमांक आणि वॉरंटी कोण देणार ते लिहून घ्या. ‘बिलाशिवाय तीन हजार कमी’ ही सवलत नाकारा. माल खराब निघाला आणि विक्रेता दाद देईना, तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तेवढ्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, तेव्हा विक्रेता मुंबईचा असो की बंगळूरचा, तुम्हाला रत्नागिरीच्या आयोगातच जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.